न उतरणाऱ्या वजनाची जात

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना औषधाच्या चिठ्ठीसोबत दोन वाक्यं हमखास मिळतात. एक, ‘वजन कमी करा’. दुसरं, ‘टेन्शन घेऊ नका’. पहिल्या वाक्याबरोबर निदान एक छापील कागद तरी येतो: सकाळी काय खायचं, रात्री काय टाळायचं, रोज किती चालायचं. दुसऱ्याबरोबर काहीच येत नाही. टेन्शन म्हणजे जणू चहातली जास्तीची साखर. नको म्हटलं की संपलं.

मला या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचं आहे, कारण पहिलं पाळता येणं बऱ्याच अंशी दुसऱ्यावर अवलंबून असतं. महिनोन्‌महिने चालणारा ताण वजन उतरण्याच्या आड येतो, हे वैद्यकशास्त्र आता मान्य करतं. तो ताण कुणाच्या वाट्याला किती येतो आणि का, हे मात्र डॉक्टरांच्या टेबलावर मांडायची सोय नसते. मग हिशोबात उरते फक्त पेशंटची इच्छाशक्ती. आणि आपल्या लोकांच्या इच्छाशक्तीबद्दल या देशात आधीपासून जे बोललं जातं (शिस्त नाही, मेहनत नको, सरकारी पैशावर जगतात) त्यात आणखी एक पुरावा जमा होतो: यांना साधं वजन कमी करता येत नाही.

काही वाचक मला इथेच थांबवतील. वजन कमी करणं हा भरल्या पोटाचा विषय, आपला विषय कुपोषणाचा, असं चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला तोंडावर सांगितलं आहे. त्यांचं अर्धं बरोबर आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा कमी भरलं आणि २४ टक्के बायकांचं जास्त. जास्त वजन श्रीमंत घरांत अधिक, कमी वजन गरीब घरांत अधिक, यात नवल नाही. पण या दोन टोकांच्या मध्ये एक पिढी आहे, जी एका टोकाला जन्मली आणि पदव्या घेता घेता दुसऱ्या टोकाकडे सरकली. हा लेख वाचणारे बरेच जण त्या पिढीतले आहेत. मीही आहे.

माझे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. दिवाळी आटोपली की कारखान्याच्या पट्ट्यात जायचं, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. आईच्या अंगावर मी कधी चरबी पाहिली नाही. मी एम. ए.साठी पुण्याला गेले, तिथून पीएच. डी.साठी हैदराबादला, आणि सात वर्षांत माझं वजन सोळा किलोंनी वाढलं. गावी गेले की बायका कौतुकानं म्हणतात, ‘लेकीला शहराचं पाणी मानवलं.’ त्यांच्या लेखी अंगानं भरणं ही सुखाची खूण, आणि ज्यांनी हयातभर हाडं दिसणारी शरीरंच पाहिली त्यांना दुसरं काय वाटणार? मागच्या वर्षीच्या रक्ताच्या रिपोर्टात मात्र ‘प्री-डायबेटिक’ असं छापून आलं. वय अठ्ठावीस.

आता शास्त्र. या विषयावर मोबाईलमध्ये इतक्या गावगप्पा फिरतात की ते नीट मांडलेलं बरं. ताणानं हवेतून चरबी तयार होत नाही. खाल्ल्यापेक्षा जास्त ऊर्जा खर्च झाली तर वजन उतरतं, हे गणित ताणाखालच्या माणसालाही लागू आहे. पण भूक किती लागते, कशाची लागते, झोप किती मिळते, अंग किती हलतं, खाल्लेलं शरीरात कुठे साठतं, हे त्या गणितातले आकडे ताण बदलून टाकतो. उत्तर चुकलं की मग विद्यार्थ्याला दोष.

संकट दिसलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. त्याचं काम उपयोगाचं आहे. रक्तात साखर सोडायची, पळायला किंवा लढायला बळ द्यायचं. फडात साप निघाला, उडी मारली, साप गेला, कॉर्टिसॉल उतरलं. आपल्या शरीराची घडण अशा सापासाठी झालेली आहे, आठ महिने न आलेल्या फेलोशिपसाठी नाही. संकट हटतच नाही तेव्हा कॉर्टिसॉलची रोजची लय बिघडू शकते. सकाळी चढून रात्री उतरायचं ते रात्रीही पुरतं उतरत नाही. पळण्यासाठी सोडलेली साखर खुर्चीत बसून वापरली जात नाही, ती आवरायला इन्सुलिन धावतं, आणि ही दोन्ही संप्रेरकं एकत्र चढलेली असली की चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठायला लागते. त्या चरबीच्या पेशींवर कॉर्टिसॉलला दाद देणारे रिसेप्टर कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त असतात. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी शरीरं आपल्या हॉस्टेलांत इतकी दिसतात त्यामागचं हे एक कारण.

भुकेचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून, असं मांडलं की गोड आणि तेलकट खाणं मेंदूतली ताणाची यंत्रणा काही काळ शांत करतं. म्हणजे रात्री साडेअकराला मॅगीत चीजची स्लाइस घालून खाणारी मुलगी जिभेचे चोचले पुरवत असेलच असं नाही. ती हाताशी असलेलं सगळ्यात स्वस्त औषध घेत असते. सगळ्यांची भूक वाढत नाही, काहींची मरते. माझ्या एका मैत्रिणीचं थिसिसच्या शेवटच्या वर्षात सहा किलो वजन उतरलं. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. ती जेवते का, हे कुणी विचारलं नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती झोप. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये बारा निरोगी तरुण पुरुषांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं आणि दहा तास मिळालेल्या रात्रींशी तुलना केली. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी भरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त. दोन रात्रींत! आपल्याकडे दोन रात्रींच्या जागरणाला सबमिशनचा आठवडा म्हणतात, त्यात विशेष काही नसतं.

त्याच विद्यापीठातला २०१० चा दुसरा प्रयोग मी जिममध्ये घाम गाळणाऱ्या प्रत्येक मित्राला सांगते. जास्त वजनाची दहा माणसं घेतली. त्यांना दोन-दोन आठवडे सारखाच, कमी कॅलरींचा आहार दिला. एका खेपेला रात्री साडेआठ तास अंथरुणात राहू दिलं, दुसऱ्या खेपेला साडेपाच. काट्यावर दोन्ही वेळा जवळपास तेवढंच वजन उतरलं, तीनेक किलो. पण पुरेशी झोप होती तेव्हा त्यातली १.४ किलो चरबी होती, झोप तोडली तेव्हा फक्त ०.६ किलो. उरलेलं कुठून गेलं? स्नायूंसारख्या, शरीराला हव्या असलेल्या भागांतून. भूक मारून, पहाटे चार वाजेपर्यंत जागून जे वजन आपण कमावल्यासारखं कमी करतो, त्यातलं बरंचसं असं चुकीच्या खिशातून गेलेलं असतं. डाएट सुटलं की ते परत येतं आणि येताना चरबी होऊन येतं.

२०१५ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात ५८ बायकांना ९३० कॅलरींचं एक जेवण देऊन पुढचे सात तास त्यांचं शरीर किती ऊर्जा जाळतं ते मोजलं. आदल्या दिवशी ज्यांना भांडण, कामाचा जाच, पोराची काळजी असलं काही सोसावं लागलं होतं, त्यांनी इतरांपेक्षा सरासरी १०४ कॅलरी कमी जाळल्या. एका पोळीएवढा फरक. पण असं रोज झालं तर वर्षाला पाचेक किलो वजन वाढू शकतं, असा हिशोब त्या संशोधकांनीच मांडला. प्रयोग लहान आहेत, हे मान्य. पण त्यांची दिशा एकच आहे.

यात आपल्या शरीरांचा आणखी एक इतिहास आहे, तो आपल्या जन्माआधीचा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांच्या चमूनं गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ती बाळं जन्मतः सुमारे २.७ किलोंची, हाडा-स्नायूंनी बारीक, पण त्या मानानं चरबी राखून असलेली. गर्भात उपासमार सोसलेलं शरीर जे मिळेल ते साठवायला शिकूनच येतं. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर आखली जाते, आणि कमरेच्या घेराची मर्यादा बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९० अशी धरतात. सातव्या महिन्यापर्यंत डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या पोटातून आलेलं शरीर पुढे अकरा-अकरा तास लॅपटॉपसमोर बसतं, तेव्हा त्याची सुरुवातच वेगळ्या खात्यावरून झालेली असते.

आता आमचा ताण कसला असतो ते बघू. थिसिसचा ताण सगळ्यांनाच असतो, माझ्या शेजारच्या खोलीतल्या, प्राध्यापक आईबापांच्या मुलीलाही आहे, आणि तो खोटा नाही. फरक असा की तिला घरून फोन येतो तो ‘जेवलीस का’ विचारायला. मलाही तेच विचारतात, आणि मग थोडं थांबून, ‘पैशे आले का’.

२०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे. ऐकायला मोठी रक्कम. आमच्या घरात इतका नियमित पगार कुणी पाहिलेला नाही. पण ती नियमित नसते. मला मिळणारी फेलोशिप एकदा सलग आठ महिने आली नाही. कधी पोर्टल बंद, कधी हजेरीचा कागद एका टेबलावर अडकलेला, कधी निधीच नाही. हा काही माझ्या एकटीचा अनुभव नाही. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर कित्येक आठवडे बसले होते, आणि मौलाना आझाद फेलोशिप तर केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये बंदच केल्याचं जाहीर केलं. त्या आठ महिन्यांत मी मेस सोडली आणि स्वस्तात पोट भरेल ते खाल्लं: भात, बटाटा, ब्रेड, बिस्किटं, चहा. मग एके दिवशी सगळे पैसे एकदम आले. निम्मे उसनवारीत, भावाच्या फीमध्ये, घराच्या पत्र्यात गेले. उरलेल्यांतून आम्ही चौघी बिर्याणी खायला गेलो, आणि तिथे मी जशी जेवले तसं माणूस पुन्हा मिळेल की नाही याची खात्री नसतानाच जेवतं. उचलीचा पैसाही असाच येतो, एकदम. मी मुकादमापासून दूर आले, पण पैसा यायची रीत काही फारशी बदलली नाही.

ताणाच्या अभ्यासात एक गोष्ट वारंवार समोर येते: कामाच्या ओझ्याइतकाच, पुढे काय होणार हे हातात नसणं हा भाग घातक असतो. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दहा हजारांहून जास्त सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या २००६ च्या निष्कर्षानुसार ज्यांना कामावरचा ताण वारंवार सोसावा लागला, त्यांच्यात मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे वाढलेला पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि बिघडलेलं कोलेस्टेरॉल यांचं गाठोडं, इतरांच्या दुपटीहून जास्त वेळा आढळलं. ते तर पगार एक तारखेला घेणारे लोक होते.

पैशाखेरीज दुसरा ताण आहे तो सतत सावध राहण्याचा. आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते पाहायचं. ‘कोणत्या कॅटेगरीतून?’ हा प्रश्न सहज विचारल्यासारखा आला की आपणही सहज उत्तर दिल्यासारखं करायचं. सेमिनारमध्ये बोलण्याआधी वाक्य मनात तीनदा इंग्रजीत जुळवायचं. कपड्यांचा, उच्चारांचा, डब्याच्या वासाचा हिशोब ठेवायचा. यातला एकही प्रसंग तक्रार करण्याएवढा मोठा नसतो. आणि जे प्रसंग तेवढे मोठे होते, त्यांचं काय झालं ते रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी या नावांनी आपल्याला शिकवलेलं आहे, त्यामुळे सावधपणा आणखी वाढतो. शरीराला छोटा साप आणि मोठा साप यांत फार फरक कळत नाही.

या सावधपणाची किंमत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शरीरांवर मोजली गेली आहे. वंश आणि जात एक नव्हेत, तिथला आकडा उचलून इथे चिकटवता येत नाही, हे समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. पण दलित पँथरनं १९७२ मध्ये तिथून नाव घेतलं तेव्हाही दोन्हीकडचा फरक ठाऊक असूनच घेतलं होतं.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस साथरोगांचे अभ्यासक शर्मन जेम्स यांना नॉर्थ कॅरोलायनात जॉन हेन्री मार्टिन नावाचा एक वृद्ध कृष्णवर्णीय शेतकरी भेटला. जन्म १९०७ चा, शाळा दुसरीपर्यंत. वाट्यानं शेती करणाऱ्याला कर्जात अडकवून ठेवणारी तिथली पद्धत त्यानं अफाट कष्टांनी मोडली आणि चाळिशीपर्यंत स्वतःची ७५ एकर जमीन केली. पन्नाशी उलटताना त्याला रक्तदाब आणि सांधेदुखी होती, अल्सरमुळे जठराचा चाळीस टक्के भाग काढावा लागला होता. आपल्याकडे असा माणूस असता तर त्याचा सत्कार झाला असता, आणि व्हायलाच हवा होता. जेम्स यांनी मात्र प्रश्न विचारला: साधनं नसताना, परिस्थितीला नुसत्या जिद्दीनं टक्कर देत राहिलं तर शरीराचं काय होतं? या वृत्तीला त्यांनी ‘जॉन हेन्रीइझम’ नाव दिलं.

जीन ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हाच प्रश्न जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातल्या कृष्णवर्णीय मुलांबाबत विचारला. गरीब घरातली जी मुलं शिक्षकांच्या मते कष्टाळू, संयमी, पुढे जाणारी होती, ती एकोणिसाव्या वर्षी वरून ठीक दिसत होती. नैराश्य कमी, भानगडी कमी. पण रक्तदाब, वजन आणि ताणाची संप्रेरकं एकत्र मोजली तर त्यांच्या शरीरांची झीज जास्त निघाली. त्यांचं तग धरणं कातडीपुरतंच होतं. आणि २०१८ चा लॉरेन गेडॉश आणि सहकाऱ्यांचा अभ्यास तर जणू आपल्यासाठीच लिहिलेला आहे. वंचित परिस्थितीत वाढलेल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक तरुणांत ज्यांनी कॉलेज पूर्ण केलं त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं, पण मेटाबॉलिक सिंड्रोम जास्त. गोऱ्या तरुणांना पदवीनं मन आणि शरीर दोन्हीकडे फायदाच झाला.

हे वाचून ‘मग शिकायचंच नाही का’ असं कुणी विचारू नये. शिक्षणानं मला उसाच्या फडातून बाहेर काढलं आणि तो सौदा मी शंभर वेळा करीन. प्रश्न असा आहे की त्याच पदवीची किंमत दोन शरीरांकडून दोन वेगळ्या दरांनी का वसूल व्हावी.

इथे आपल्याच घरातली एक गोष्ट बोलायला हवी, आणि मला माहीत आहे की काहींना ती आवडणार नाही. दर एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या कॉलेजांत, वाचनालयांत, बुद्धविहारांत बाबासाहेबांना अभिवादन म्हणून सलग अठरा तास अभ्यास करण्याचे उपक्रम होतात. डीजेच्या भिंतींपेक्षा हे अभिवादन मला कितीतरी जवळचं आहे. मीही त्यात बसले आहे, आणि पहाटे खिचडी वाढणाऱ्या काकूंच्या डोळ्यांतला अभिमान मी विसरणार नाही. एका दिवसाच्या अभिवादनाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या एका दिवसाचा वर्षभराचा कायदा झाला आहे. स्पर्धा परीक्षेच्या खोल्यांत सात तास झोपणाऱ्याला खुशाल ‘तू साहेब होणार नाहीस’ म्हणतात. झोप ही चोरी वाटते, आई तिकडे फडात असताना मी इकडे दुपारी आडवी कशी होऊ, असं वाटतं. आणि बाबासाहेबांच्या जागरणांच्या गोष्टी सांगताना आपण त्यांच्या मधुमेहाची गोष्ट सांगत नाही. त्यांचं शरीर चाळिशी-पन्नाशीत थकत गेलं, पायांच्या दुखण्यानं त्यांना छळलं, ते पासष्टाव्या वर्षी गेले. आणखी दहा वर्षं ते मिळाले असते तर काय झालं असतं, ही हळहळ आपल्या प्रत्येक घरात आहे. त्या हळहळीत आपली झोप कुठे तरी बसायला हवी.

बाजाराला हे सगळं आपल्या आधी कळलं. ‘कॉर्टिसॉल बेली’चे रील पाहिले नाहीत असा माणूस आता मिळणार नाही. अमुक चूर्ण घ्या, तमुक आसन करा, सूर्यास्ताआधी जेवा, सात्त्विक खा, मन शांत ठेवा. आसनांनी बरं वाटतं, मला स्वतःला वाटतं. पण सात्त्विक हा शब्द माझ्या ताटावर निकाल द्यायला आला की तो आहाराचा सल्ला राहत नाही; कुणाचं अन्न शुद्ध आणि कुणाचं अशुद्ध, हा जुनाच हिशोब तो नव्या भाषेत मांडतो. चरबी घटताना स्नायू टिकवायचे तर प्रथिनं लागतात. डाएट चार्टमध्ये त्यासाठी पनीर, बदाम, ग्रीक योगर्ट लिहिलेलं असतं. गरिबाचं सगळ्यात स्वस्त मांस महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आणून ताटातून काढून घेतलं. हॉस्टेलात सुकट भाजली की कॉरिडॉरमध्ये तक्रार होते. मग अंडी उरतात, तीही बऱ्याच मेसमध्ये वेगळे पैसे देऊन. आधी अन्न काढून घ्यायचं, मग ‘तुमच्या आहारात प्रोटीन कमी आहे’ म्हणायचं.

मला विचाराल तर मागणी माइंडफुलनेसच्या कार्यशाळेची नसावी. फेलोशिप ठरलेल्या तारखेला यावी आणि उशीर झाला तर व्याजासकट यावी, ही माझ्या मते आरोग्याची मागणी आहे आणि ती त्याच भाषेत करायला हवी. मेस रात्री दहापर्यंत उघडी असावी, तिच्यात अंडी असावीत. आरोग्य केंद्रातल्या समुपदेशकाला जात म्हणजे काय हे समजावून सांगण्यात पहिली तीन सेशन्स जाऊ नयेत.

तोवर आपण आपल्यापुरतं काय करावं, असं धाकटी मुलं विचारतात. मी डॉक्टर नाही. पण पंचविशीनंतर वर्षातून एकदा साखरेची एचबीएवनसी तपासणी, रक्तदाब, बायकांनी थायरॉईडसुद्धा, हे करून घ्यावं. आपल्यात रिपोर्ट काढायलाच भीती असते. वजनकाट्यापेक्षा कमरेभोवती टेप धरावी, ती जास्त खरं बोलते. डाएट सुरू करण्याआधी महिनाभर झोप सुधारायचा प्रयत्न करावा. केटलमध्ये अंडी उकडावीत, भाजलेले चणे-शेंगदाणे जवळ ठेवावेत, सुकट आवडते तर खावी आणि तक्रारीला उत्तर द्यावं. आणि वजन उतरलं नाही म्हणून स्वतःला शिव्या देऊ नयेत, कारण त्या शिव्याही ताणातच जमा होतात.

आम्ही सहा जणींनी हॉस्टेलात दीड वर्षापूर्वी एक भिशी सुरू केली. आया गावाकडे करतात तशीच, महिना दोन हजारांची. फक्त चिठ्ठी काढत नाही. जिची फेलोशिप अडकली असेल तिला आधी उचलू देतो, आणि ती मेसचं बिल आधी भरते, घरी नंतर पाठवते, एवढा एकच नियम. या दीड वर्षात माझं वजन जेमतेम तीन किलो कमी झालं आहे, पण कमरेचा घेर सात सेंटिमीटरनं उतरला आणि बहुतेक रात्री मी साडेसहा तास झोपते. या महिन्याची भिशी भूगोल विभागातल्या एका मुलीला दिली. तिचे पैसे डिसेंबरपासून आलेले नाहीत.